वारा जिकडून आला तिकडून

बाबा,

आज तुमच्या नातीच्या घरावर नवी कौलं चढली. सकाळी तिने फोनवरून मला दाखवलं. एक गडी आढ्यावर घोड्यावर बसावं तसा बसलेला, खाली अंगणात तिची सासू कमरेवर हात ठेवून त्याला कौल कसं बसवायचं ते सांगते आहे, आणि तो हो हो म्हणत स्वतःच्या मनासारखं करतो आहे. मागे समुद्र. दिवाळीनंतर ज्याने यांचं छप्पर उचलून फेकलं तो हाच का, असं वाटावं इतका गरीब चेहरा करून पडलेला. मी इथे अमरावतीत, स्वयंपाकघरात, मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बसले होते. शेंगांतून सोले काढता काढता हात थांबला तो थांबलाच. जिंकलो, बाबा. घर राहिलं. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण हे मुळापासून ज्याला कळेल असं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

ती नात तुम्ही पाहिली नाही. ती व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. तिला कोकणात दिली. म्हणजे तिनेच पाहिलं आणि आम्ही हो म्हटलं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जुनं कौलारू घर, मागे माडांची रांग, पुढे सारवलेलं अंगण. घरात ती, जावई आणि जावयाची आई. जावई गावातल्या शाळेत शिकवतो. शेजारी एक लॉजवाला आहे, त्याला ती जागा कधीपासून हवी आहे. दर वर्षी तो विचारतो, दर वर्षी हे हसून नाही म्हणतात. या वर्षी हसू आलं नव्हतं. घराला डोक्यावर छप्पर नाही, मधली भिंत खाली बसलेली, आणि पुन्हा उभं करायला हातात काही नाही, अशा वेळी माणूस किती दिवस नाही म्हणणार? विम्याचा क्लेम मंजूर झाला तर घर, नाही तर लॉज. इतकी सरळ गोष्ट होती.

पण तुम्हाला सांगायचं तर अकोल्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. तुम्ही जिनिंग-प्रेसिंगचे मॅनेजर. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत, अंगाला सरकीचा वास, आणि घरी आलात की भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू. जिनात आगीची भीती कायमची, म्हणून विमा हा शब्द आमच्या घरात मिठासारखा रोजचा. मालकांच्या मुली कॉन्व्हेंटात जात, म्हणून मलाही तुम्ही तिथेच घातलंत. शाळेत मराठी बोललं की सिस्टर दंड करायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की आई हसायची. त्या इंग्रजीचा तुम्हाला एकच उपयोग सापडला होता. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि मी उभी राहून, शाळेत धडा वाचावा तशी, घराच्या विम्याची पॉलिसी मोठ्याने वाचते आहे. जिनाची नव्हे, आपल्या घराची. आळीत तेव्हा घराचा विमा कोणी ऐकला नव्हता.

‘स्टॉर्म, सायक्लोन, टायफून, टेम्पेस्ट, हरिकेन, टॉर्नेडो, फ्लड,’ मी वाचते. आईचा हात भाकरीवर थांबतो.

“हे इतके सारे कोण होत जी?”

“वारे होत,” तुम्ही म्हणता. “समुद्राकडचे.”

“मंग ते आपल्या अकोल्यात काय कराले येतीन?”

“नाई येत.”

“मंग त्याईचे पैसे काहून भरता?”

“सारे एकाच गाठीत बांधलेले असतात. सुटा एक भेटत नाई.”

आई म्हणाली होती, “बाप्पा! जो येत नाई त्याचाई विमा!” आणि भाकरी तव्यावर टाकली. तुम्हीही हसलात. मला मात्र ते शब्द फार आवडले. कोरड्या अकोल्यात, जिथे उन्हाळ्यात पिण्याचं पाणी बादलीने मोजून वापरायचं, तिथे आमच्या चुलीपाशी जगभरच्या समुद्रांवरची वादळं येऊन बसली होती. तुम्ही हा विमा काढल्याचं स्वतःच आळीभर सांगितलंत, हेही खरं. गुपित तुमच्याकडून कधी राहिलं नाही. समोरचे काका ओट्यावरून ओरडले होते, “घर मेलं तं पैसे कोणाले भेटन, मॅनेजरसाहेब? घराच्या बायकोले?” आणि तुम्ही तिथल्या तिथे, “घराच्या बायकोलेच. ते पाहा, भाकऱ्या टाकून राहिली.”

आणि मग तो वारा आलाच. समुद्राकडचा नव्हे, आपला वऱ्हाडातला, मृगाच्या आधीचा, धूळ घेऊन येतो तो. दुपारीच अंधारून आलं, दारं आपटली, आणि स्वयंपाकघरावरची टिनं एका मागोमाग एक सुटून गेली. एक तर समोरच्या काकांच्या कडुलिंबात जाऊन अडकलं. मागून पाऊस. आईने उन्हाळाभर खपून केलेल्या कुरडया, पापड, तिखट, सगळं भिजलं, आणि पावसाच्या बाजूची भिंत रात्रीतून अंगणात बसली. तुम्ही दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवलंत. नुकसान पाहायला नागपूरहून सर्व्हेअर येणार असं ठरलं. “कशालेच हात लावू नका,” एवढं आईला सांगून तुम्ही जिनात गेलात, आणि ते तिच्या एका कानातून दुसऱ्या कानात गेलंसुद्धा नसेल, कारण पहिल्या कानावर तिने फक्त ‘साहेब येऊन राहिले’ एवढंच घेतलं होतं.

साहेब घरी येणार आणि घर असं? शेजारच्या बायका पदर खोचून आल्या. भिंतीच्या विटा मागे रचून झाल्या, कडुलिंबातलं टिन काढून पुन्हा वर टाकलं, भिजलेलं सगळं उकिरड्यावर गेलं. शेणाने सारवण झालं. उंबऱ्यापुढे मी रांगोळी काढली आणि तिच्याखाली शाळेतल्या वळणदार अक्षरात ‘वेलकम’ लिहिलं. तुम्ही साहेबांना घेऊन आलात तेव्हा पाटवड्यांचा रस्सा उकळत होता. मला तुमचा चेहरा आज दिसतो. दारातच तुम्ही थबकलात, आणि साहेब तुमच्याआधी चपला काढून आत गेले. आईने त्यांना थेट स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. ते पोटभर जेवले. जाताना म्हणाले, “मॅनेजरसाहेब, किचन तो एकदम बढिया है. वादळ म्हणता, पण कुठं काही दिसत तर नाही.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच काही दिसू दिलं नव्हतं.

क्लेम गेला. आळी महिनाभर हसली. तुम्ही आईला एक शब्द बोलला नाहीत, पण मला बोललात. “तू तं शिकून राहिली. पॉलिसी तूच वाचली. तुले समजाले पाहिजे होतं.” मी रडले. मला वाटलं, वाचायचं काम माझं होतं, समजायचं कोणी सांगितलं होतं? आज वाटतं तुम्हीही तेव्हा थोडं रडत होतात, फक्त आवाज चढवून.

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून जिनात नेलंत. हंगाम संपलेला, यंत्रं कापड पांघरून उभी, फाटकापाशी चौकीदार तंबाखू मळत बसलेला. मागच्या बाजूला एक जळकी शेड होती, त्या वर्षी तिला आग लागली होती. तुम्ही मला तिच्या दारातून आत नेलं नाही. लांबचा वळसा घालून मागे नेलं, जिथे कापसाचा ढीग होता आणि जिथून ठिणगी उडाली होती तिथे. “इथून सुरू कर,” म्हणालात. मग आपण दोघं आगीसारखे चाललो. आधी काळवंडलेलं गवत, मग तडकलेला खांब, मग वाकलेलं टिन, आणि शेवटी आतली राख. “माणसाले पहिले घरात नेऊ नको, माय. घरात नेलं का त्याले घर दिसते. ज्यानं नुकसान केलं, त्याच्याच पावलानं त्याले आत आण. मंग तुले एक शब्द बोला लागत नाई.” तुम्ही हे जिनातल्या सगळ्या सर्व्हेअरांबरोबर करत आला होता. स्वतःच्या घरी मात्र आईच्या पाटवड्यांनी तुम्हाला हरवलं. परत येताना तुम्ही मला बर्फाचा गोळा घेऊन दिलात, लाल रंगाचा. तेवढीच तुमची माफी.

आता कोकणाकडे येते. काही वर्षांपूर्वी धोंड्याचा महिना आला होता. जावयाला अमरावतीला बोलावलं, धोंडे खाऊ घालायला. सोबत विहीणबाईही आल्या. मी रीतीप्रमाणे वाण दिलं. ताटात तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, आणि अनारशांवर एक लिफाफा. जावयाने उघडून पाहिलं, आत त्याच्या घराच्या विम्याचा अर्ज, पहिल्या वर्षाचा हप्ता मी भरायचा, फक्त त्याच्या सहीची खोटी. माझ्या मनात किती दिवसांपासून होतं. समुद्रकाठी राहायचं आणि डोक्यावर मोकळं कौल, मला तिथे गेल्यावर झोप लागत नाही.

विहीणबाईंनी लिफाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “अनारशांबरोबर कागद? आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही हो हे.”

“आमच्याकडेही नाही,” मी म्हटलं.

“आमचं घर चार पिढ्या उभं आहे. समुद्र आमच्या ओळखीचा आहे. आणि तुमच्या अमरावतीत मेला नळ एक दिवसाआड येतो, तुम्ही आम्हाला पाण्याचं शिकवणार?”

जावई बिचारा हसू दाबत होता. तो म्हणाला, थोड्या रकमेचा काढू, हप्ता कमी बसेल. तिथे मी तुमच्यासारखी ताठ बसले. म्हटलं, अर्ध्या किमतीचा विमा काढलात तर अर्ध्याच नुकसानाची भरपाई मिळते, छप्पर गेलं तरी तुमचं अर्धंच गेलं असं ते धरतात. मग लेक म्हणाली, “पण आई, जागेची किंमत धरली तर रक्कम कुठल्या कुठे जाईल.” मी म्हटलं, जागा कशाला धरायची? जमीन काय उडून जाते? घर पडलं तर तेच पुन्हा उभं करायला विटा, वासे, कौलं, मजुरी जे लागेल तेवढंच धर, आणि ते पुरतं धर. घरातलं सामान वेगळं लिही, कुंपणाची भिंत वेगळी लिही. लिहिलं नाही ते विम्यात नाही. वादळ, चक्रीवादळ, पूर, हे सगळं आहे; पण तुमच्या कौलातून वर्षानुवर्षं ठिबकतं ते नाही, त्याची डागडुजी तुम्हीच करायची. विहीणबाई इतका वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “आणि माझे माड?”

“माड नाहीत.”

“मग काय उपयोग तुमच्या विम्याचा?” म्हणून त्यांनी एक अनारसा उचलला. पण जावयाने सही केली. त्या पावसाळ्याआधी त्याने सगळी गळकी कौलंही बदलून घेतली, आणि पुढच्या वर्षांचे हप्ते न सांगता स्वतः भरले.

यंदा दिवाळीनंतर चक्रीवादळ आलं. टीव्हीवर तो गोल भोवरा फिरत होता आणि त्याच्या वाटेवर माझ्या लेकीचं गाव. मग फोन लागेनासा झाला. गावाला आधीच शाळेच्या इमारतीत हलवलं होतं एवढं माहीत होतं, तरी ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. शेवटी तिचा आवाज आला. माणसं सुखरूप होती. छप्पर गेलं होतं, माड आडवे झाले होते, मधली भिंत बसली होती. लॉजवाला येऊन गेला होता, या वेळी खुर्चीवर बसून चहा पिऊन गेला होता. कंपनीला कळवलंय, परवा सर्व्हेअर येणार, असं ती म्हणाली, आणि म्हणाली, “आई, आवरायला घेतलंय. पुढचं अंगण झालं. सासूबाई म्हणतात, बाहेरचा माणूस येणार, घर असं कसं दाखवायचं.”

बाबा, माझ्या तोंडून शुद्ध वऱ्हाडी निघालं. “हात काहून लावला? थांब. जिथं आहे तिथंच ठेव!” कॉन्व्हेंटच्या सिस्टर ऐकत्या तर दंड झाला असता. मग सावरून तिला सांगितलं, उघड्या भागावर ताडपत्री टाका, आणखी भिजू देऊ नका, ते तर केलंच पाहिजे. पण पडलेलं उचलू नका, काही फेकू नका, मागच्या बाजूला तर पाऊलही टाकू नका. फोन विहीणबाईंनी घेतला.

“अहो, साहेब घरी यायचेत. उकिरड्यात बसवू का त्यांना?”

“हो. उकिरड्यातच बसवा.”

पलीकडे खराटा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, “तुमच्याकडे असं करतात?”

“आमच्याकडे असं केलं नाही, म्हणून सांगते.”

मी बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा अंगण खरोखरच स्वच्छ होतं, कौलांचे तुकडे एका बाजूला नीट रचलेले, जणू कोणी विकायला मांडलेत. मागे मात्र माड आडवे पडल्यामुळे कोणाला जाताच आलं नव्हतं. मी देवाचे आभार मानले आणि पडलेल्या माडांचेही. विहीणबाई एका बुंध्यावर बसल्या होत्या. “हा मी नवी नवरी होऊन आले त्या वर्षी लावलेला,” एवढंच म्हणाल्या. माड विम्यात नाहीत हे त्यांना आठवत असेल, मलाही आठवत होतं. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे न पाहता थोडं सरकून जागा करून दिली.

सर्व्हेअर तरुण होता, मोटारसायकलवर आला, बूट चिखलाने भरलेले, डोळ्यांत झोप. सकाळपासून त्याने किती घरं पाहिली होती कोण जाणे. फाटकातून आला तो थेट समोरच्या दाराने, स्वच्छ अंगणातून. विहीणबाई कोकम सरबताचा तांब्या घेऊन तयार. त्याने उंबऱ्यावरूनच आत पाहिलं, मधली बसलेली भिंत, तिच्या खालची ओल. म्हणाला, “काकू, ही मातीची भिंत आहे. ही ओलीने गेलेली दिसते, वर जुनी गळती असणार. गळतीचं पॉलिसीत बसत नाही. छपराचं बघू, पण भिंतीचं आणि आतल्याचं अवघड आहे.” माझी लेक भिंतीला टेकली. जावयाने मान खाली घातली. लॉजवाल्याला काय सांगायचं याची तयारी त्या मानेत मला स्पष्ट दिसली.

भिंत गेली तर घर गेलं, कारण वरचा सगळा भार तिच्यावरच होता. नवीन भिंतीशिवाय नवं छप्पर टाकणार कशावर?

मी म्हटलं, “साहेब, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही घराच्या तोंडाने आलात. वारा मागून आला होता. तुम्ही एकदा त्याच्या वाटेने याल का?”

त्याने आपल्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. थकलेला होता, नाही म्हणू शकला असता. “मागे रस्ता आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “म्हणूनच या.”

बाबा, मी साडीचा ओचा वर खोचला आणि त्या आडव्या माडांवरून या वयात चढून गेले. तो माझ्या मागून. समुद्राच्या बाजूला जाऊन उभे राहिलो आणि तिथून घराकडे वळलो. मी काही बोलले नाही. बोलावं लागलंच नाही. आधी माड, सगळे घराच्या दिशेने झोपलेले. मग मागच्या पडवीचा कोपरा; तिथे वाऱ्याने छपराच्या खाली हात घालून ते वर उचललेलं होतं, वासे मोडून उभे राहिलेले, आतून पांढरे, ताजे. मग आढ्यापर्यंत एक उघडी पट्टी, नांगर चालवावा तशी सरळ, आणि त्या पट्टीच्या बरोबर खाली ती भिंत. कौलं मागे नव्हतीच. ती घरावरून उडून पलीकडे शेजाऱ्याच्या भाताच्या खाचरात पेरल्यासारखी पडली होती. तो सर्व्हेअर हळूहळू चालत होता. एका वाशाच्या मोडलेल्या टोकावर त्याने बोट फिरवलं. शिडी मागितली. वर चढून त्या उघड्या पट्टीतून खाली भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. बाजूला जिथे छपराचा एक तुकडा टिकला होता तिथली भिंत कोरडी होती, जुन्या गळतीचा एक ओघळसुद्धा नव्हता. तो फोटो काढू लागला, एकावर एक. मग वरूनच म्हणाला, “वाऱ्याने छप्पर फोडलं आणि पाणी त्यातून आत आलं. भिंत वादळातच धरावी लागेल.”

खाली उतरल्यावर त्याने पॉलिसी पाहिली. “पुऱ्या रकमेची आहे,” तो थोडा आश्चर्याने म्हणाला. “इथे लोक निम्म्याचीच काढतात, मग आम्हालाही काही करता येत नाही.” मग माझ्याकडे वळून, “काकू, मला असं मागून कोणी आणलं नव्हतं. सगळे आधी चहाला बसवतात.”

“आता बसा,” मी म्हटलं. आणि विहीणबाईंना हाक मारली, “आता आणा तुमचं सरबत.”

तो दोन ग्लास प्यायला. विहीणबाईंनी त्याला तिसराही दिला आणि विचारलं, माडांचं काही नाही का हो होत. तो म्हणाला, नाही आजी. त्या म्हणाल्या, “माहीत होतं मला. या विहीणबाईंनी मला आधीच सांगितलेलं. विचारून ठेवलं.”

क्लेम मंजूर झाला. किरकोळ काही कापलं, भिंत आणि छप्पर दोन्ही धरलं. लॉजवाल्याला जावयाने या वेळी खुर्ची दिली नाही, फाटकातच बोलला, हसून. आणि विहीणबाईंचं काय झालं आहे ते तर तुम्ही पाहायलाच हवं होतं. गावात ज्यांची ज्यांची घरं पडली त्यांच्याकडे त्या काठी टेकत जातात. आज फोनवर मला म्हणाल्या, “त्या पलीकडच्या घरात सर्व्हेअर यायचा होता. मी त्या सुनेला सांगितलं, आधी मागे ने त्याला, सरबत नंतर. आणि जमिनीची किंमत धरू नकोस म्हणावं, जमीन काय उडते?” माझं वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून वापरलं. वापरू दे. मी तरी ते कुठून आणलं होतं? तुम्हाला हरवणाऱ्या नागपूरच्या साहेबाचं, पाटवड्यांचं आणि त्या रांगोळीचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. म्हणाल्या, “तुमची आई माझ्यासारखीच होती हो.” होती खरी.

सोले अजून तसेच पडले आहेत आणि मी सगळं लिहून काढलं. हे कुठे टाकायचं असतं ते मला माहीत नाही, आणि शोधणारही नाही. लिहिताना दोनदा तुमचा आवाज ऐकू आला, तेवढं पुरे झालं. लेकीला हे दाखवणार नाही. दाखवता येणार नाही असं एक यात शेवटी लिहावं लागतं आहे, म्हणूनच. तो पहिला फोन आला ना, छप्पर गेलं म्हणून, तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते असं: बरं झालं, आता कळेल सगळ्यांना, मी विमा का काढायला लावला ते. लेक कशी आहे, हे त्याच्यानंतर आलं. मधे फार वेळ गेला नाही, बाबा. पण गेला.